सिस्टरचा चहा गेटवर

आमच्या घरात एक ट्रे होता, तो फक्त सिस्टरसाठी. त्यावर भरतकामाचं पांढरं फडकं, पाहुण्यांची कपबशी, लोणी लावलेला सोडा-ब्रेड आणि मनुकांचा केक. वर्षातून चार-पाचदा एक निळी गाडी आमच्या गेटशी येऊन थांबायची. आजोबा ट्रे घेऊन उतारावरून खाली जायचे, गाडीची काच खाली व्हायची आणि आजोबांची थोरली बहीण, सिस्टर अल्फोन्सस, गाडीत बसूनच चहा प्यायची. आजोबा खिडकीला टेकून उभे. पाऊस असला तर डोक्यावर रिकामं पोतं. गायींच्या, शेजारपाजारच्या, कोण मेलं कोण जन्मलं त्याच्या गप्पा व्हायच्या, मग गाडी वळायची आणि आजोबा रिकामा ट्रे घेऊन वर यायचे.

लहानपणी मला वाटायचं की नन बायकांना पायच नसतात. पाच वर्षांची असताना मी गाडीच्या खिडकीतून आत डोकावून खात्री करून घेतली. होते. काळ्या बुटांत, चांगले दणकट.

मग ती घरात का येत नाही, हे मी कधी विचारलं नाही. कुणीच विचारत नव्हतं. आमच्या किल्ताराक गावात काय विचारायचं नसतं ते पोरं बोलायला लागायच्या आधी शिकतात. पण गेल्या नोव्हेंबरात मी शाळेच्या वादविवादात उभी राहिले, बालीफर्न शाळेच्या मुलींना अक्षरशः लोळवलं, आणि मला शोध लागला की आपण तोंड उघडलं तर छप्पर कोसळत नाही. तेव्हापासून मी सगळ्यांना सगळं विचारत सुटले. आजोबा मला वकिलीणबाई म्हणायला लागले.

नाताळानंतर आजोबांच्या फुप्फुसांनी दगा दिला. त्यांची खाट खाली पुढच्या खोलीत आणली, शेजारी ऑक्सिजनचं यंत्र घरघरत बसलं. पुढच्या वेळी निळी गाडी आली तेव्हा ट्रे घेऊन आई गेली. मी मागोमाग होते.

"मॅटी कुठाय?" सिस्टरनं आजोबांबद्दल विचारलं.

"झोपलेत हो, सिस्टर. दमतात आताशा."

"झोपू दे, झोपू दे."

तिनं अर्धाच चहा घेतला. गाडी चालवणाऱ्या सिस्टर पर्पेचुआंनी गाडी वळवली, तरी ती मान वळवून आमच्या घराकडे बघत होती. आजोबांच्या खोलीच्या खिडकीचं पडदा लावलेलं तावदान तिथून दिसतं. मला एकदम वाटलं, हिला आत यायचंय.

आणि नेमकं त्याच आठवड्यात शाळेनं आम्हाला, माध्यमिकच्या चौथ्या वर्षाच्या मुलींना, काम दिलं: एका म्हाताऱ्या माणसाशी बोला आणि त्याच्या आठवणी टिपून आणा. बाकीच्यांनी आपापल्या आज्या पकडल्या. मी शनिवारी बसनं कॉन्व्हेंटला गेले.

मोठी दगडी इमारत आता बंद आहे, तिच्या छपरावर कावळे राहतात. उरलेल्या पाच नन मागच्या बागेतल्या बैठ्या घरात राहतात. सिस्टर अल्फोन्सस खिडकीपाशी बसली होती, गुडघ्यावर चौकड्यांची शाल. मी फोन तिच्यापुढे ठेवला.

"हे ऐकतंय का आपलं?"

"हो, सिस्टर."

"मग नीट बसते," ती म्हणाली, आणि खरंच ताठ बसली.

तिचं खरं नाव डीलिया. डीलिया गेराटी. अठरा वर्षांची झाली त्या सप्टेंबरात ती घरातून निघाली. कुणी ढकललं नव्हतं. शाळेत एक नन येऊन विचारून गेली होती, तीन मुलींनी हात वर केले होते, त्यातल्या दोघींनी घरी पोचेपर्यंत विचार बदलला. "मी नाही बदलला," ती म्हणाली. "मला खरंच हाक ऐकू आली होती, बाळ. अजूनही येते. देवाशी माझं काही भांडण नाही."

निघायच्या दिवशी तिच्या वडिलांनी डॉक्टरांची गाडी मागून आणली. आईनं सकाळी सहा जणांना पुरेल एवढं बेकन तळलं, आणि कुणीच खाल्लं नाही. काळे मोजे, काळी पेटी, पेटीत बारा रुमाल. मॅटी तेव्हा दहा वर्षांचा. तो दारात आला आणि म्हणाला, "डीलिया, आता सायकल माझी का?"

"मी म्हटलं, तुझी. तो इतका खूश झाला की मला हात करायचाच विसरला. सायकलवर टांग टाकून उतारावरून जो सुटला तो आमच्या गाडीच्याही पुढे."

ती हसली. मीही हसले. मग तिनं शालीची कड दोन्ही हातांनी सारखी केली, बराच वेळ.

कॉन्व्हेंटमध्ये पहिले कित्येक दिवस तिला दारांची भीती वाटायची. दार आवाज न करता लावायचं. आवाज झाला तर गुडघ्यावर बसून जमिनीचं चुंबन घ्यायचं. "घरी आम्ही दारं पायानं लावायचो. दोन्ही हातांत बादल्या असायच्या ना. मी इतक्यांदा जमीन चाटली की मदर म्हणाल्या, डीलिया, फरशी पुसायला वेगळं कुणी नको." रात्री शांतता इतकी की तिला झोप लागायची नाही. घरी भिंतीपलीकडे गाय रवंथ करायची. तो आवाज नाही म्हणून ती स्वतःच उशीत तोंड घालून तोंडातल्या तोंडात चावत बसायची.

एका वर्षानं दीक्षेच्या विधीसाठी तिला नवरीसारखं नटवलं. पांढरा झगा, डोक्यावर जाळी. झगा मावसबहिणीच्या लग्नातला, कमरेत ढगळ, तो मागून टाचण्यांनी घट्ट केलेला. घरचे चर्चमध्ये बसलेले, आई नव्या टोपीत. विधीच्या मधेच तिला आत नेलं, मदरनी केस कापले, काळा वेष चढवला आणि बाहेर आणलं. आता ती सिस्टर अल्फोन्सस होती. "आईनं माझ्याकडे पाहिलं आणि नुसती बघतच राहिली. मग माझे हात दिसले तिला. हातांवरून ओळखलं. बटाटे काढून काढून हे बोट वाकडं झालेलं."

"वाईट वाटलं तुम्हाला?"

"त्या दिवशी नाही. त्या दिवशी मी हवेत होते."

नियम असा होता की एकदा आत गेलं की पुन्हा आपल्या घराचा उंबरठा ओलांडायचा नाही. आणि बाहेरच्या माणसांसमोर काही खायचं-प्यायचं नाही, आईबापांसमोरही नाही. चार वर्षांनी तिची दाढ सुजली, मदरनी एका सोबतिणीबरोबर शहरात दातांच्या डॉक्टरकडे पाठवलं. रस्ता आमच्या गेटवरून जातो. गाडीवाला चांगला होता, त्यानं गाडी थांबवली आणि भोंगा वाजवला.

"आई धावत आली. ॲप्रनला पीठ. मला बघितलं आणि तशीच उलटी धावली, आणि ट्रे घेऊन आली. चहा, ब्रेड, केक. खिडकीशी धरून उभी राहिली. मी म्हटलं, आई, आम्हाला चालत नाही. ती म्हणाली, घोटभर घे, कुणाला कळतंय. सोबतीण खाली बघत होती. मी नाही घेतला. आई तशीच उभी, तो ट्रे धरून. वारा होता, चहावर साय धरली. मग म्हणाली, बरं, गार होतोय, नेते मी. आणि वर गेली. मागे वळलीच नाही. हात भरलेले होते ना, हात तरी कशी करणार."

फोन सगळं ऐकत होता. 

"तीच शेवटची भेट. पुढच्याच्या पुढच्या जानेवारीत आई गेली. मला जाता आलं नाही. मदरनी एवढं केलं की वरच्या मजल्यावरच्या खिडकीशी उभं राहू दिलं. अंत्ययात्रा कॉन्व्हेंटच्या खालूनच जाणार होती. पडद्याआडून बघायचं, पडदा हलवायचा नाही. शवपेटीमागे वडील आणि मॅटी. तो सोळा वर्षांचा, वडिलांचा कोट घातलेला, बाह्या बोटांवर आलेल्या. कॉन्व्हेंटच्या फाटकापाशी सगळ्यांनी वर बघितलं. शेजाऱ्यांनी बघितलं, पोस्टमननं बघितलं. मॅटीनं नाही बघितलं. मुद्दाम खाली मान घालून गेला." तिनं शाल गुडघ्यांवर ओढली. "त्याचं बरोबरच होतं. आई मेली आणि मी शंभर पावलांवर येऊ शकत नव्हते. मीही नसतं बघितलं माझ्याकडे."

पुढे काही वर्षांनी नियम बदलले. तुझे बाबा जन्मायच्या आधी, ती म्हणाली. घरी जा, जेवा, राहा, सगळी मोकळीक. पहिल्याच उन्हाळ्यात ती गाडी घेऊन आली. गेटशी थांबली. दाराच्या कडीवर हात होता. वर बघते तो मॅटी ट्रे घेऊन उतारावरून खाली येतोय.

"तेव्हा मला कळलं. तो मला आत घेणार नव्हता. चहा देईल, बोलेल, हसेलही. पण आईच्या घरात नाही. मी कडीवरचा हात काढला."

"अहो पण विचारायचं ना!"

"काय विचारायचं? मला आत घे म्हणून? कुणाच्या घराशी जाऊन असं म्हणतात का, पोरी?"

"ते तुमचंच घर आहे, सिस्टर."

"त्याचं आहे. आणि बोलावणं त्यानं करायचं." मग ती हळूच म्हणाली, "पण आता तो आजारी आहे. मला दुसरं काही नको. त्याच्या खाटेशी थोडा वेळ बसायचंय. त्यानं म्हटलं तर."

बसमध्ये मी एका जागी बसू शकले नाही. घरी पोचले ती सरळ पुढच्या खोलीत. आजोबा उशांना टेकून बसले होते, नाकात नळी, पुढ्यात गुरांच्या बाजाराचं पान.

"आजोबा, तुम्ही सिस्टरला घरात का घेत नाही?"

"आल्या वकिलीणबाई," ते म्हणाले. "मी कोण घेणारा? नियम आहे त्यांचा."

"तो नियम गेला."

"कधी?"

"बाबा जन्मायच्या आधी."

आजोबांनी पेपर खाली ठेवला. यंत्र घरघरत राहिलं.

"ती तर चहा प्यायची," ते म्हणाले. "पहिल्यांदा चहा घेतला तेव्हा मला वाटलं, चला, खायची परवानगी मिळाली, घरात यायची अजून यायचीय. रोमचं काम सावकाश असतं."

"पन्नास वर्षं?"

"त्यांच्या हिशेबानं ते काही फार नाही."

"गावात दुसऱ्या नन येतात-जातात की घराघरांत!"

"त्या दुसऱ्या संघाच्या. डीलियाचा संघ कडक. आई तेच तर अभिमानानं सांगायची." त्यांना खोकला आला. मी पाणी दिलं. "मी विचारलं असतं आणि तिला नाही म्हणावं लागलं असतं तर? आईला नाही म्हणाली होती तेव्हा तिचं तोंड कसं झालेलं, ते मी कुंपणाआडून पाहिलंय. दहादा पाहायची माझी छाती नव्हती. म्हणून मी आधीच खाली जायचो. तिला विचारात पाडायचंच नाही."

मी खाटेच्या कडेला बसले. मग मी खिडकीचं सांगितलं, वर न बघितल्याचं.

आजोबांनी नाकातली नळी सारखी केली.

"सगळी गाढवं वर बघत होती," ते म्हणाले. "मला माहीत होतं ती तिथे आहे, लांबच्या वळणावरूनच दिसलं होतं. पडदा तिच्या नाकापाशी आत ओढला जात होता, श्वासाबरोबर. मी वर बघितलं असतं तर तिनं पडदा बाजूला केला असता. नक्की केला असता. आणि मग मदरनी तिला सोडलं असतं का?" त्यांनी हाताच्या पालथ्या बाजूनं डोळे पुसले आणि माझ्यावरच खेकसले, "बघतेस काय? फोन लाव. नको, थांब."

"आत्ता बोलावते, तासाभरात येतील."

"आत्ता नाही. माझी दाढी बघ. पुढच्या रविवारी. आणि तुम्ही कुणी आणायचं नाही तिला आत. मी गेटपर्यंत जाणार आणि मी आणणार."

"आजोबा, तुम्हाला न्हाणीपर्यंत जाताना धाप लागते."

"आठवडाभर सराव करतो. शर्यतीची घोडी करतात, मी करू शकत नाही?"

मी फोन केला. सिस्टरला सगळं सांगितलं, रोमचं, पडद्याचं, कुंपणाचं. मी भरभर बोलत होते, मधे मधे रडत होते.  

"जेवतो का नीट?" सिस्टरनं विचारलं.

"थोडं थोडं. सिस्टर, तुम्ही आजच या. ते ओरडतील, ओरडू देत. किंवा उद्या."

"पुढचा रविवार म्हणालाय ना तो?"

"हो, पण..."

"मग रविवार. त्याला त्याचं करू दे, पोरी. इतकी वर्षं मी त्याला काही करू दिलं नाही."

आजोबांनी खरंच सराव केला. सोमवारी कपाटापर्यंत. मंगळवारी खोलीच्या दारापर्यंत, मी मागून नळी सांभाळत, लग्नातल्या नवरीचा झगा धरतात तशी. बुधवारी बाहेरच्या दारापर्यंत. दार उघडायला लावलं, चौकटीला धरून उभे राहिले आणि गेटकडे बघत म्हणाले, "पूर्वी एवढं लांब नव्हतं हे." बाबांना त्यांनी गेटच्या बिजागरीला तेल घालायला सांगितलं. आईला खास विचारलं, माझा निळा सदरा कुठाय. आई मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "क्लीओना, तूच पेटवलंस हे, तूच आवर त्यांना." पण तीही सदऱ्याला इस्त्री करत होती.

गुरुवारी ते उठले नाहीत. डॉक्टर येऊन गेले, म्हणाले, घरच्यांना कळवा. बाबांनी कॉन्व्हेंटला फोन केला. सिस्टर पर्पेचुआ गाडी काढेपर्यंत, रस्त्यावरच्या बर्फातून हळूहळू अर्ध्या वाटेत पोचेपर्यंत, आजोबा गेले. बाबांनी पुन्हा फोन करून त्यांना परत पाठवलं. त्या बर्फात दोन म्हाताऱ्या, आणि आता घाई कशाची होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आजोबांना पेटीत घालून पुढच्या खोलीत ठेवलं. निळा सदरा. आमच्याकडे अशा वेळी बोलावणं नसतं. दार सताड उघडं टाकतात आणि सगळा गाव येतो, ज्यांच्याशी बोलणं नाही तेही येतात. रस्त्याच्या कडेला गाड्यांची रांग लागली. शेजारचा जार्लथ क्विन पिवळं जाकीट घालून गाड्या लावून देत होता. तो तीनच वर्षांपूर्वी इथे राहायला आलाय, पण मदतीला सगळ्यांच्या पुढे.

मी गेटपाशी थांबले होते. निळी गाडी आली आणि सिस्टर पर्पेचुआंनी ती नेहमीच्याच जागी थांबवली. जार्लथ हात करत होता, वर आणा, वर जागा आहे. त्या तशाच थांबल्या. मग गाडीचं दार उघडलं. सिस्टर अल्फोन्सस एक पाय बाहेर ठेवून जरा वेळ बसली. मी हात पुढे केला.

"नको," ती म्हणाली. मग म्हणाली, "बरं, दे."

उतार चढायला आम्हाला खूप वेळ लागला. ती मधे कुठेही थांबली नाही, फक्त हळू हळू चालत होती. दारात रांग होती, रस्त्यापलीकडच्या वाडीतले लोक, दूधसंघातली माणसं. कुणीतरी म्हणालं, सिस्टरना पुढे जाऊ द्या. तिनं मान हलवली आणि रांगेतच उभी राहिली. पुढच्या माणसानं पाय पुसले, तिनं पाय पुसले. आणि उंबरठा आला नि गेला. मागच्याला आत यायचं होतं म्हणून तिला तिथे थांबताही आलं नाही.

पेटीपाशी तिनं आजोबांचे हात हातात घेतले. त्यांची दाढी बाबांनी केली होती, हनुवटीखाली थोडी राहिली होती. ती तिथे बोट फिरवत राहिली. लोक येत होते, माझ्या बाबांचा हात दाबत होते, आईचा, माझा. तिच्याकडे बघून अदबीनं मान झुकवत होते. चर्चकडून आलेली कुणी नन, असंच वाटत असणार त्यांना. तरुण लोकांनी तिला गाडीच्या काचेआडच पाहिलेलं.

मी तिला खुर्ची आणून दिली. ती बसली, आजोबांच्या उशाशी. खोलीतल्या भिंतींकडे बघत होती. ही भिंत आजोबांनी कधीतरी पाडून पुढे नेलीय, चूल काढून टाकलीय, छतही नवं आहे. ती काहीतरी शोधत होती आणि मला कळत नव्हतं काय.

"तिकडे गोठा होता," ती मला म्हणाली. "भिंतीपलीकडे. नाही का?"

"मला नाही माहीत, सिस्टर."

"होता."

तेवढ्यात जार्लथ आत आला. टोपी हातात, पेटीपुढे क्रूसाची खूण केली, मग आमच्याकडे वळला. सिस्टर म्हातारी, परगावची, तिची कुणीतरी विचारपूस करायला हवी, असं त्याच्या चांगल्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. तो तिच्या खुर्चीपाशी वाकला.

"सिस्टर, काही लागलं तर सांगा हं. न्हाणीघर या बोळातून डावीकडे आहे. घर जरा चक्रावणारं आहे, नवीन माणसाला पटकन सापडत नाही."

मी तोंड उघडलं. अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असं मला सांगायचं होतं की ही या घरात जन्मली आहे. सिस्टरनं माझ्या मनगटावर हात ठेवला, ते वाकडं बोट माझ्या नाडीवर.

"बरं झालं सांगितलंत," ती जार्लथला म्हणाली. "मला नसतं सापडलं. माझ्या वेळी न्हाणीघर नव्हतंच."

जार्लथला काही कळलं नाही. तो हसला आणि पुढच्या माणसाला जागा करून देत बाजूला झाला.